क्षयरोग, ड जीवनसत्त्व आणि घराण्याचा दोष

क्षयरोग आणि ड जीवनसत्त्व यांच्या संबंधाविषयी वाचकांची पत्रे अलीकडे वारंवार येत आहेत. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेक घरांना भेडसावणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्या तेवीस वर्षांच्या मुलाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला असून औषधांचा दुसरा महिना चालू आहे. त्याच्या रक्तातील ड जीवनसत्त्व अवघे ८ नॅनोग्रॅम निघाले. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावालाही तरुणपणी क्षय झाला होता. त्यामुळे ‘हे तुमच्या घराण्यातच आहे’ असे नातेवाईक बोलू लागले आहेत. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. ड जीवनसत्त्वाशी संबंधित जनुकाची तपासणी केली की क्षयाचा धोका आधीच कळतो, असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले. मुलीची ती तपासणी करून घ्यावी का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : ती तपासणी करू नका. तिच्या अहवालावरून आपल्या मुलीविषयी उपयोगी पडेल असे काहीही ठरवता येणार नाही. तिच्यासाठी दुसरी एक तपासणी मात्र खरोखर आवश्यक आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो.

क्षयरोग आई-वडिलांच्या रक्तातून मुलांत उतरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. तोपर्यंत युरोपातील अनेक विद्वान वैद्यही हा घराण्यात चालत येणारा आजार मानत होते, कारण एकाच घरात एकामागून एक माणसे त्याने जात असत. ती जात, कारण ती एकाच खोलीत राहत, एकच हवा श्वासात घेत आणि बहुधा सारखीच अर्धपोटी असत. आपल्या चुलत सासऱ्यांना झालेला क्षय आणि आपल्या मुलाला झालेला क्षय यांच्यामध्ये अनेक दशके गेली आहेत. मुलाला जंतू कोठून आला असेल, हे शोधायचे तर महाविद्यालय, वसतिगृह, कामाची जागा, रोजची बस अशा ठिकाणांचा विचार करावा लागेल.

तरीही आपल्या प्रश्नात एक खरा धागा आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहाच माणसांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. उरलेल्यांचे शरीर जंतूला आयुष्यभर दाबून ठेवते. हा फरक का पडतो, याचे उत्तर संशोधक शंभर वर्षांहून अधिक काळ शोधत आहेत. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरात एक भयंकर दुर्घटना घडली. तेथे २५१ नवजात बालकांना तोंडावाटे दिलेल्या क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीत चुकून रोगकारक क्षयजंतू मिसळले गेले होते. ७२ बालके क्षयाने दगावली, पण कितीतरी अधिक बालके आजारी पडूनही त्या काळी कोणतेही प्रभावी औषध नसताना बरी झाली. सर्वांना मिळालेली जंतूंची मात्रा सारखी नव्हती, हे खरे आहे. तरीही शरीराशरीरांच्या प्रतिकारात अंतर असते ही गोष्ट त्या घटनेने ठळकपणे पुढे आणली. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतही असे दिसले की, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्षय झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा जास्त असते. म्हणजे प्रतिकारशक्तीत जनुकांचा वाटा आहे, मात्र तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे.

आपल्याला सुचवलेली तपासणी त्यांपैकी एकाच जनुकाची आहे. ड जीवनसत्त्व पेशीमध्ये ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, त्याला ग्राही म्हणतात. ते घडवणारे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असून त्यातील चार ठिकाणे संशोधनात विशेष तपासली गेली. ज्या विकरांनी (एन्झाइम) त्या जागी डीएनएचे तुकडे होतात, त्यांच्या नावांवरून या ठिकाणांना फोक-१, बीएसएम-१, आपा-१ आणि टॅक-१ अशी नावे पडली. या चारांपैकी फक्त फोक-१च्या जागी झालेल्या बदलाने प्रथिन बदलते. एका प्रकारात ते ४२७ अमिनो आम्लांचे बनते आणि दुसऱ्यात ४२४ अमिनो आम्लांचे. आखूड प्रथिन थोडे अधिक कार्यक्षम असते. उरलेल्या तीन ठिकाणच्या बदलांनी प्रथिनाच्या रचनेत काहीच फरक पडत नाही.

१९९९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांबियामध्ये झालेल्या अभ्यासात टॅक-१च्या एका विशिष्ट प्रकारची माणसे क्षयरुग्णांत तुलनेने कमी आढळली. पुढच्याच वर्षी लंडनच्या पश्चिम भागात राहणाऱ्या गुजराती कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय वाचकाने तो नीट समजून घ्यावा असा आहे. ही बहुतांशी शाकाहारी मंडळी अल्प सूर्यप्रकाशाच्या देशात जाऊन राहिली होती. त्यांतील ९१ क्षयरुग्णांची तुलना रुग्णांच्या सहवासात असूनही आजारी न पडलेल्या ११६ जणांशी करण्यात आली. रक्तातील ड जीवनसत्त्व मोजताही येऊ नये इतके कमी असणे हे रुग्णांमध्ये कितीतरी जास्त प्रमाणात आढळले. जनुकाचा प्रकार एकटा घेतला तर दोन्ही गटांत विशेष फरक दिसत नव्हता. मात्र जनुकाचा काही विशिष्ट प्रकार असणे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतील, तेव्हा क्षयाशी संबंध ठळक दिसत होता. माझ्या मते या साऱ्या संशोधनातील सर्वांत विचार करण्याजोगा निष्कर्ष हाच आहे. जनुक आणि परिस्थिती यांना वेगवेगळे मोजून भागत नाही.

त्यानंतर चेन्नईसह जगात अनेक ठिकाणी असे अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. एका समाजात जो प्रकार संरक्षक वाटला, तोच दुसऱ्या समाजात निरुपयोगी ठरला. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आशियाई लोकांत फोक-१च्या एका प्रकाराचा थोडासा संबंध दिसतो, इतकेच फार तर म्हणता येते. पुढे हजारो माणसांचे संपूर्ण जनुकसंच एकाच वेळी तपासणारे मोठे अभ्यास सुरू झाले. त्यांत क्षयाशी जोडलेल्या काही नव्या जागा सापडल्या, पण ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे जनुक त्यांत ठळकपणे पुढे आले नाही. असे जनुक एका मुलीच्या बाबतीत तपासून तिला क्षय होईल की नाही हे सांगणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने अंदाज विकणे आहे. त्या कागदाचा लग्नाच्या बोलण्यांत दुरुपयोग होण्याची भीती आहे, ती वेगळीच. क्षयातून पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्या बहिणीत कोणताही दोष नसतो, हे आपण नातेवाइकांना निःसंकोच सांगा. हवे असल्यास हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

आता मुलाच्या रक्तातील त्या ८ नॅनोग्रॅमविषयी. २० च्या खालची पातळी कमतरतेची मानतात, तेव्हा त्याला कमतरता आहे हे निश्चित. परंतु कमतरतेमुळे क्षय झाला, असे या एका आकड्यावरून ठरत नाही. निदान होण्यापूर्वी बरेच आठवडे तो तापाने, भूक मंदावल्याने घरात पडून असेल, उन्हात गेला नसेल, नीट जेवला नसेल. अशा काळात पातळी घसरतेच. शिवाय क्षयावरील औषधांपैकी रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवून ड जीवनसत्त्वाचे विघटन वाढवते आणि आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाचाही त्याच्या चयापचयावर परिणाम होतो. नमुना औषधे सुरू झाल्यानंतर घेतला असेल तर हेही लक्षात घ्यावे लागते. कमतरता भरून काढायलाच हवी, कारण त्याच्या हाडांना आणि स्नायूंना त्याची गरज आहे. त्यासाठीची मात्रा मात्र त्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी. एक गोष्ट त्यांना आवर्जून विचारा. आयसोनियाझिड घेणाऱ्याला ब-६ जीवनसत्त्वाची जोड देतात, कारण त्या औषधाने ब-६ घटते आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात. ड जीवनसत्त्वाच्या चर्चेत ही साधी गोळी विसरली जाऊ नये.

मुलीसाठी आवश्यक असलेली तपासणी ती आता सांगतो. क्षयरुग्णासोबत एका घरात राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट यांची विचारपूस, छातीचा क्ष-किरण फोटो आणि गरज असेल तर बेडक्याची तपासणी एवढे त्यात येते. आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध देता येते. आयसोनियाझिड रोज सहा महिने घेणे हा त्याचा एक मार्ग आहे. दुसऱ्या मार्गात आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, अशा १२ मात्रा घ्याव्या लागतात. आपल्या भागातील महापालिकेच्या दवाखान्यात क्षयरोग कार्यक्रमाचे कर्मचारी याची माहिती देतील. आपली आणि यजमानांची रक्तातील साखरही याच वेळी तपासून घ्या, कारण मधुमेहामुळे क्षयाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. जनुक बदलता येत नाही, साखर आटोक्यात आणता येते.

प्रश्न : मी हिंजवडीत रात्रपाळीत काम करतो, शाकाहारी आहे आणि उन्हात जाणे जवळजवळ होतच नाही. ड जीवनसत्त्व क्षयाच्या जंतूंना मारते, असे वाचनात आले. आमच्या कार्यालयात एकाला क्षय झाल्यापासून मी स्वतःहून दर आठवड्याला ६०,००० एककांची पुडी घेत आहे. हे चालू ठेवावे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : आपण वाचले ते प्रयोगशाळेपुरते खरे आहे. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्याला दुजोरा मिळालेला नाही.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. १८४९ मध्ये लंडनच्या ब्रॉम्टन रुग्णालयातील डॉ. विल्यम्स यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने क्षयरुग्णांची प्रकृती सुधारत असल्याचे लिहिले. त्या तेलात भरपूर ड जीवनसत्त्व असते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे ऑग्युस्त रोलिए यांनी रुग्णांना उन्हात ठेवण्याचे उपचारगृह सुरू केले. १९४० च्या दशकात त्वचेच्या क्षयासाठी ड जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले. मग स्ट्रेप्टोमायसिन आणि पाठोपाठ इतर औषधे आली, आणि हा विचार मागे पडला.

२००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी त्याला नवे जीवन दिले. क्षयाचा जंतू आपल्या शरीरातील जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशीच्या नजरेस आला की ती पेशी दोन गोष्टी वाढवते, असे त्यांनी दाखवले. ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देणारे विकर ही त्यांतील एक आणि त्याला पकडणारा ग्राही ही दुसरी. पुरेसे ड जीवनसत्त्व उपलब्ध असेल तर पेशी कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करते आणि आतील जंतू मारते. कमतरता असलेल्या माणसांच्या रक्तद्रवात हीच पेशी ठेवली तर ते प्रथिन अपुरे बनते. यंत्रणा इतकी नेटकी होती की, ड जीवनसत्त्व दिले की क्षय टळेल अशी आशा जगभर निर्माण झाली आणि ती तपासण्यासाठी चाचण्या सुरू झाल्या. आशा वाटणे गैर नव्हते आणि ती चाचणीवर घासून पाहिली गेली ही त्याहून चांगली गोष्ट झाली.

लंडनमध्ये १४६ क्षयरुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर ड जीवनसत्त्वाच्या १,००,००० एककांच्या चार मात्रा किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय मात्रा देण्यात आल्या. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार बेडका जंतुमुक्त होण्यास पहिल्या गटाला मध्यक ३६ दिवस लागले आणि दुसऱ्याला ४३.५ दिवस. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. टॅक-१च्या एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांत मात्र जंतू लवकर नाहीसे झाले, आणि जनुक पाहून उपचार ठरवावेत या कल्पनेला तेथून बळ मिळाले. पण ते रुग्ण मोजके होते. मोजक्या रुग्णांतील निष्कर्षावर साऱ्यांचे उपचार बेतता येत नाहीत. २०१५ मध्ये आपल्याच देशातील वेल्लूरच्या चाचणीत २४७ रुग्णांना तशाच मात्रा देऊनही बेडका लवकर स्वच्छ झाला नाही. २०१९ मध्ये अनेक चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हाही एकंदरीत लाभ दिसला नाही. बहुऔषधरोधी, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या, क्षयाच्या रुग्णांत काही लाभ असावा, अशी चिन्हे तेवढी दिसली आणि त्यावर आणखी काम होणे इष्ट आहे.

आपला प्रश्न उपचारांचा नाही, संसर्ग टाळण्याचा आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मंगोलियातून आले. उलानबातर येथील ८,८५१ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना आठवड्याला १४,००० एकके ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी अशी तीन वर्षे देण्यात आली. या मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची पातळी सुरुवातीला २० च्या खाली होती. म्हणजे लाभ दिसायचा असेल तर तो येथेच दिसायला हवा होता. ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सरासरी पातळी ३० च्या पुढे गेली. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत क्षयाच्या नव्या संसर्गाचे प्रमाण ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ३.६ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.३ टक्के निघाले. पुढे केपटाउनमधील मुलांतही असेच दिसले. आपण घेत असलेली पुडी क्षयापासून आपले रक्षण करणार नाही, हे यावरून समजावे.

उलट तिच्यापासून अपाय होऊ शकतो. आठवड्याला ६०,००० एकके ही कमतरता भरून काढण्याची मात्रा आहे. ती सहसा काही आठवडेच देतात आणि नंतर कमी करतात. भारतीयांसाठी २०२० मध्ये सुचवलेली प्रौढांची रोजची गरज ६०० एककांची आहे. पुडी मर्यादेबाहेर चालू ठेवली तर रक्तातील कॅल्शियम वाढते. त्यामुळे मळमळ, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, मुतखडे असे त्रास सुरू होतात आणि प्रसंगी मूत्रपिंडे निकामी होतात. क्षयाच्या बाबतीत एक विशेष धोका आहे. क्षयाच्या गाठींतील महाभक्षक पेशी शरीराच्या नेहमीच्या नियंत्रणाबाहेर क्रियाशील ड जीवनसत्त्व बनवू शकतात. म्हणून ज्याला क्षय आहे पण त्याचे निदान झालेले नाही, अशा माणसात अनिर्बंध पुड्यांमुळे कॅल्शियम अचानक चढू शकते.

तेव्हा पुडी थांबवा, डॉक्टरांना दाखवून पातळी आणि कॅल्शियम तपासून घ्या आणि त्यांनी कमतरता सांगितली तर हाडांसाठी म्हणून ठरलेली मात्रा ठरलेले दिवस घ्या. कार्यालयातील त्या सहकाऱ्याच्या शेजारी बंद, वातानुकूलित खोलीत आपण तासन् तास बसत असाल, तर आपली छातीची तपासणी होणे महत्त्वाचे आहे. आपण धूम्रपान करत असाल तर तेही सोडा. क्षयाचा धोका त्यानेही वाढतो.

प्रश्न : डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेतील थंडीमुळे आणि शाकाहारामुळे ड जीवनसत्त्व मिळाले नाही आणि म्हणून क्षय झाला, असे एका व्याख्यानात ऐकले. यात तथ्य आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : लंडनमधील गुजराती कुटुंबांविषयी जे आढळले, ते पाहता हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. फिलाडेल्फियाचे हिवाळे, निष्ठेने पाळलेला शाकाहार, अपुरे पोषण आणि अभ्यासाचे कष्ट या गोष्टी आनंदीबाईंच्या वाट्याला आल्या, हे खरे आहे. १८८६ मध्ये पदवी मिळवून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. परंतु अमेरिकेला जाण्यापूर्वीही त्यांची प्रकृती नाजूक होती. शिवाय ड जीवनसत्त्वाचा शोध विसाव्या शतकातील आहे, तेव्हा त्यांच्या रक्तातील पातळी कोणी मोजलेली असणे शक्यच नाही. म्हणून एकाच कारणावर बोट ठेवणारे विधान करू नये. त्यांच्या काळी क्षयावर एकही औषध नव्हते, एवढे मात्र निःसंशय सांगता येते.

प्रश्न : आम्ही भवानी पेठेत जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. खोलीत ऊन येत नाही. मी सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बसते, तरी माझे ड जीवनसत्त्व १२ आले. पुण्यात एवढे ऊन असताना असे का व्हावे?
— एक गृहिणी

उत्तर : कोवळे ऊन अंगाला सुखावते, पण त्यातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. आपल्या त्वचेत ते बनवणारे अतिनील-ब किरण सूर्य खाली असताना वातावरणाच्या जाड थरात शोषले जातात. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की ते पुरेसे पोचू लागले, असे ढोबळमानाने धरावे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे वर्षभर दुपारच्या आसपास असे ऊन मिळते, फक्त जून ते सप्टेंबर ढग आड येतात. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण तिच्यातील रंगद्रव्य ते किरण अडवते. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत. सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर, हात आणि पाय थोडे उघडे ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे बसता आले तर ते सातच्या अर्ध्या तासापेक्षा अधिक उपयोगी पडेल. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र वेळ कमी करावा आणि डोके झाकून बसावे. पेठांतील दाट वस्तीत बायकांना निवांतपणे बसता येईल अशी उन्हाची जागा मिळणे किती कठीण असते, याची मला जाणीव आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी हा योग्य मार्ग आहे. आहारातून मिळणारे प्रमाण अल्प असते. अंड्याचा बलक आणि तेलकट मासे यांत ते असते. दूध आणि खाद्यतेल घेताना पिशवीवर ‘अधिक एफ’ असे पोषणवर्धनाचे चिन्ह पाहून घ्यावे, कारण त्या दुधातेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेली असतात.

आपण क्षयाविषयी विचारलेले नाही, तरी खोलीत ऊन येत नाही असे लिहिले म्हणून सांगतो. सूर्यप्रकाश क्षयाचे जंतू मारतो आणि वाहती हवा त्यांना विरळ करते, यासाठी ड जीवनसत्त्वाची मध्यस्थी लागत नाही. दार आणि समोरची खिडकी दिवसातून बराच वेळ एकदम उघडी ठेवता आली, तर अंधाऱ्या खोलीतही त्याचा लाभ होतो.

प्रश्न : आमचे महिला मंडळ येरवडा भागातील काही क्षयरुग्णांना मदत करू इच्छिते. एका देणगीदारांनी सर्व रुग्णांना ड जीवनसत्त्वाच्या पुड्या वाटण्याचा आग्रह धरला आहे. तो स्वीकारावा का?
— मंडळाच्या कार्यवाह

उत्तर : देणगीदारांची भावना चांगली आहे, पण पैसा पुड्यांवर खर्च करू नका. त्यांना अन्नासाठी पैसे देण्याची विनंती करा.

जागतिक आरोग्य संघटनाही क्षयरुग्णांना नेहमीच्या गरजेपलीकडे ड जीवनसत्त्व सरसकट देण्याची शिफारस करत नाही. अन्नाविषयीचा पुरावा मात्र आपल्याच देशातील आणि भक्कम आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना दरमहा शिधा मिळत होता. निम्म्या वस्त्यांत रुग्णांच्या कुटुंबीयांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि जंतू सापडून सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. त्या गोळ्यांत जीवनसत्त्वे होती, पण ती रोजच्या गरजेइतकी होती आणि पोटभर अन्नासोबत होती. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. जनुकांच्या तपासण्यांवर आणि महागड्या पुड्यांवर चर्चा करताना आपण भुकेला किती सहज बाजूला ठेवतो, याचे मला वाईट वाटते.

उपचार चालू असलेल्या रुग्णाला सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून पूर्वी महिन्याला ५०० रुपये मिळत असत, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ते पैसे बँकेत जमा होतात. खाते नसल्याने किंवा आधार क्रमांक जोडलेला नसल्याने अडलेले रुग्ण आपल्याला नक्की भेटतील, आणि मंडळातील एखाद्या भगिनीने त्यांच्याबरोबर बँकेत जाणे हीसुद्धा मोठी मदत ठरेल. मंडळाला स्वतः शिधा द्यायचा असेल तर निक्षय मित्र, म्हणजे क्षयरुग्णांना मदत करणारे स्वयंसेवी दाते, म्हणून नोंद करता येते. शिध्यात तांदूळ किंवा ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, तेल आणि दूधभुकटी ठेवा, आणि घरात लहान मुले असतील तर त्यांचा वाटाही मोजा, नाहीतर रुग्णाचे अन्न आई मुलांच्या ताटात वाढते आणि त्यात तिची काही चूक नसते. ज्यांना मधुमेहही आहे, त्यांच्या शिध्यात भात कमी आणि डाळ जास्त असावी.

शिधा देताना प्रत्येक वेळी रुग्णाचे वजन करून ते त्याच्या कार्डावर लिहा. दोन महिने उलटूनही ज्याचे वजन वाढलेले नाही, त्याला पुढच्या वाटपापर्यंत थांबवू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात पाठवा.